एलएलएमने सनद मिळत नाही, मग नेमकं काय मिळतं?

प्रश्न: नमस्कार मॅडम. माझं वय २७. पाच वर्षांचं बीए एलएलबी करून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली आणि गेली तीन वर्षं एका सिनिअरकडे आहे, सिव्हिल आणि थोडी कमर्शिअल मॅटर्स बघतो, स्टायपेंड फार कमी आहे. अमेरिकेतल्या दोन युनिव्हर्सिटींकडून एलएलएमची, म्हणजे कायद्यातल्या मास्टर्सची, ॲडमिशन आलीय. स्कॉलरशिप जेमतेम, बाकी साधारण ४० लाखांचं लोन काढावं लागेल. बाबा घर तारण ठेवायला तयार आहेत आणि मुलगा परदेशातून मोठा वकील होऊन येणार असं त्यांनी नातेवाइकांना सांगूनही टाकलंय. न्यूयॉर्क बार, म्हणजे तिथली वकिलीची परीक्षा, द्यायची, तिकडे दोन वर्षं नोकरी करून लोन फेडायचं आणि परत येऊन आर्बिट्रेशन, म्हणजे लवादाचं काम, करायचं असा माझा प्लॅन आहे. सिनिअर म्हणतात जाऊ नकोस, वर्ष वाया जाईल, मित्र म्हणतात सीव्हीला वजन येतं. काय करू?

उत्तर: आधी बाबांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्या डोक्यात जे चित्र आहे ना ते आपल्या बऱ्याच घरांत आहे आणि त्यात खोटं काही नाही, फक्त ते जुनं झालंय. परदेशातून वकील होऊन येणं म्हणजे बॅरिस्टर होणं, असं आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने बघितलंय. गांधीजी इनर टेंपलमधून १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले, बाबासाहेब ग्रेज इनमधून झाले, आणि त्या काळात बॅरिस्टर हे स्वतःच एक लायसन्स होतं, इथल्या कोर्टात त्याला वेगळा मान आणि वेगळे हक्क होते. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने ते सगळं मोडीत काढलं, आता इथे वकिलांचा एकच वर्ग, ॲडव्होकेट, आणि त्याची सनद मिळते एलएलबीवर. एलएलएम ही अभ्यासाची डिग्री आहे. ती घेऊन परत आलात तरी सनद तीच, गाऊन तोच, बोर्डावर तुमचं मॅटर लागेल त्याच नंबरला. बाबांना हे आजच नीट बसून सांगा, कारण घर तारण ठेवणारा माणूस कशासाठी ठेवतोय हे त्याला माहीत असायलाच हवं.

आता तुमचा प्लॅन. त्यात तीन पायऱ्या आहेत, बार, नोकरी, आर्बिट्रेशन, आणि घोडं मधल्या पायरीवर पेंड खातं.

पहिली पायरी बरीच सोपी आहे, कदाचित तुम्हाला वाटते त्याहून सोपी. न्यूयॉर्कचा परदेशी वकिलांसाठीचा नियम ५२०.६ म्हणून ओळखला जातो. त्यात ते दोन गोष्टी बघतात, तुमचं कायद्याचं शिक्षण पुरेशा वर्षांचं आहे का आणि ते कॉमन लॉवर, म्हणजे कोर्टाच्या निकालांतून घडलेल्या इंग्लिश पद्धतीच्या कायद्यावर, आधारलेलं आहे का. दोन्ही जमलं तर एलएलएम न करताही परीक्षेला बसता येतं, आणि आपला देश कॉमन लॉचा असल्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ती वाट खुली असते. दोन्हीतलं एक कमी पडलं तरच एलएलएम करून ते भरून काढायचं, आणि मग ते कमीत कमी २४ क्रेडिटचं लागतं, त्यात प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटी, लीगल रिसर्च-रायटिंग, अमेरिकन लीगल सिस्टिम यांची ठरलेली क्रेडिट्स आणि परीक्षेतल्या विषयांची ६ क्रेडिट्स असावी लागतात. तुमची पात्रता ठरवते तिथली बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्स, त्यांच्याकडे आधी कागद पाठवून तपासून घेता येतं आणि त्याला काही महिने जातात, म्हणून ते लोनच्या आधी करा. कॅलिफोर्निया तर आणखी सरळ, स्वतःच्या देशाची सनद असलेल्या वकिलाला तिथे एलएलएमशिवाय बारला बसू देतात. म्हणजे नुसती बार हवी असेल तर त्यासाठी ४० लाख घालायची गरज आहे का हेच आधी शोधायचंय. मी स्वतः एलएलएमला गेले तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. ज्या कन्सल्टन्सीत मी गेले होते तिथे एलएलएम म्हणजे बार आणि बार म्हणजे नोकरी असं एका दमात सांगितलं गेलं, आणि अशा बऱ्याच एजंटांना युनिव्हर्सिटीकडून कमिशन मिळतं हे मला फार नंतर कळलं.

दुसरी पायरी, नोकरी. हे जरा कॅलेंडर समोर ठेवून बघा. मे महिन्यात एलएलएम संपतं. बार असते जुलैच्या शेवटी, म्हणजे मे ते जुलै खोलीत कोंडून घेऊन अभ्यास. रिझल्ट साधारण ऑक्टोबरमध्ये. २६६ मार्क लागतात, शिवाय एमपीआरई म्हणून एथिक्सची वेगळी परीक्षा असते त्यात ८५, आणि न्यूयॉर्कला ५० तास प्रो बोनो, म्हणजे बिनफीचं, काम दाखवावं लागतं. आता स्टुडंट व्हिसावर शिकून झाल्यावर काम करायला जी ओपीटी मिळते ती १२ महिन्यांची. सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना जी २४ महिन्यांची वाढ मिळते ती एलएलएमला नाही. कोर्स संपल्यापासून ६० दिवसांच्या आत ती सुरू करावी लागते आणि सुरू झाली की एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही. म्हणजे रिझल्ट हातात येईपर्यंत तुमचं घड्याळ चालू होऊन तीनेक महिने झालेले असतात आणि अजून तुम्ही नावापुढे ॲटर्नी लावू शकत नाही. त्यानंतर एच-१बी, म्हणजे तिथे नोकरी करायचा व्हिसा, वर्षाला ८५ हजार जागा, त्यातल्या २० हजार तिथली मास्टर्स असलेल्यांना राखीव, आणि निवड तुमच्या हातात नाही. २०२५ च्या सप्टेंबरपासून नव्या अर्जांवर १ लाख डॉलरच्या फीची भर पडलीय. तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना त्यातून वगळल्याचा खुलासा नंतर आला, पण हे नियम हलते आहेत आणि नोकरी देणाऱ्यांचा हात त्यामुळे आखडतो हे तर उघड आहे.

आणि मुख्य म्हणजे तिथल्या मोठ्या फर्म्स भरती करतात ती जेडीवाल्यांची, जी तीन वर्षांची डिग्री आहे, मुलं मधल्या उन्हाळ्यात फर्ममध्ये काम करतात आणि तिथूनच पुढे ऑफर मिळते. एलएलएमवाला नऊ-दहा महिन्यांसाठी येतो, त्याला तो उन्हाळाच मिळत नाही. न्यूयॉर्कमध्ये जानेवारीत परदेशी एलएलएम विद्यार्थ्यांसाठी इंटरव्ह्यूंचा मोठा कार्यक्रम होतो, तिथे काही जणांचं जमतं, पण बऱ्याचदा फर्म असा माणूस शोधत असते ज्याच्या देशात तिचं ऑफिस आहे. आपल्याकडे परदेशी फर्म्सना इथला कायदा चालवायला परवानगी नाही, बार कौन्सिलने २०२३ मध्ये नियम काढून आणि २०२५ मध्ये सुधारून त्यांना फक्त परदेशी कायदा आणि आंतरराष्ट्रीय आर्बिट्रेशनपुरता दरवाजा किलकिला केलाय. त्यामुळे आपल्या मुलांना ती वाट तशी अरुंदच राहते. कोणालाच नोकरी मिळत नाही असं मी म्हणत नाहीये, माझ्याच बॅचमधले दोघं राहिले तिकडे. पण दोन वर्षं नोकरी करून लोन फेडेन हे गृहीत धरून घर तारण ठेवायचं, इतकी ती खात्रीची गोष्ट नाही.

हिशोब पण लिहूनच दाखवते कारण बोलताना तो नेहमी निसटतो. ४० लाख, ११ टक्के व्याज, १० वर्षं धरली तर हप्ता येतो महिन्याला ५५ हजारांच्या वर आणि एकूण फेड ६६ लाखांच्या आसपास. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही. आता तुम्ही परत आलात, सिनिअरच्याच चेंबरमध्ये बसलात, तर हा हप्ता कोण भरणार? बाबा. आणि ज्याच्या डोक्यावर ५५ हजारांचा हप्ता आहे तो आर्बिट्रेशन प्रॅक्टिस उभी करायला लागणारी पाच-सहा वर्षं धीर धरूच शकत नाही, तो पहिली मिळेल ती पगाराची नोकरी धरतो, मग ती कंपनीत लीजची अग्रीमेंट्स तपासायची का असेना. ज्या कामासाठी गेलो तेच काम लोनमुळे हातचं जातं, हे मी जवळून बघितलंय आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग एलएलएमला किंमतच नाही का? आहे, आणि इथे मी तुमच्या सिनिअरशी सहमत नाही. माझंच सांगते. परत आल्यावर पहिल्या इंटरव्ह्यूला एका फर्मचे पार्टनर माझा सीव्ही वाचत होते, वाचता वाचता त्यांनी पेनाचं टोक एलएलएमच्या ओळीवर ठेवलं आणि युनिव्हर्सिटीच्या नावाबद्दल एक शब्द न काढता विचारलं, त्या वर्षात तू स्वतः काय लिहिलंस? मी सीट ऑफ आर्बिट्रेशनवर, म्हणजे लवाद कायद्याने कुठल्या ठिकाणचा मानायचा यावर, एक मोठा पेपर लिहिला होता, सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा बाल्को निकाल धरून, की करारात नुसतं वेन्यू, म्हणजे सुनावणीची जागा, लिहिलं असेल तर त्याला सीट कधी मानायचं आणि कधी नाही. त्यांनी तो पेपर मागवून घेतला, दोन दिवसांनी परत बोलावलं आणि वीस-पंचवीस मिनिटं आम्ही फक्त त्यावर भांडत होतो, त्यांच्याकडे त्याच मुद्द्यावर एक मॅटर चालू होतं. नोकरी मिळाली. पगार मात्र माझ्याइतकीच वर्षं प्रॅक्टिस केलेल्या आणि कुठेही न गेलेल्या मुलीइतकाच, आणि एलएलएमचं वर्ष अनुभवात मोजलं नाही ते नाहीच. बहुतेक फर्म्स मोजत नाहीत.

म्हणजे मिळतं काय, तर एक वर्ष. तारखा नाहीत, अशिलांचे फोन नाहीत, एकाच विषयात खोल जायला लायब्ररी आणि शिक्षक, आणि वर्गात वीस-पंचवीस देशांतली अशी माणसं जी पुढे त्या त्या देशात वकील, आर्बिट्रेटर, जज होणार आहेत. आर्बिट्रेशनसारख्या कामात ही ओळख खरोखर कामाला येते, दहा वर्षांनी सिंगापूरमधल्या मॅटरमध्ये समोर किंवा बाजूला आपल्याच वर्गातला माणूस बसलेला असतो. तुम्हाला त्या वर्षाचं काय करायचंय हे माहीत असेल तर ते वर्ष सोन्याचं आहे, आणि माहीत नसेल तर सिनिअर म्हणतात ते खरं, कोर्टातली सलगता तुटते, अशील दुसरीकडे जातात, परत येऊन पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते.

तुमच्या जागी मी असते तर या अटींवर यंदा गेले नसते. दोन्ही युनिव्हर्सिटींना पत्र लिहून ॲडमिशन एक वर्ष पुढे ढकलता येते का विचारलं असतं, आणि एकीने जास्त स्कॉलरशिप दिली असेल तर ते पत्र जोडून दुसरीला अजून मागितली असती, यात लाजण्यासारखं काही नाही, लोक मागतात आणि पुष्कळदा वाढवून मिळते. या एका वर्षात फुलब्राइट-नेहरू या अमेरिकेसाठीच्या स्कॉलरशिपचा अर्ज करा, त्याला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि तो तुमचा आत्ताच होतोय. ब्रिटनसाठी चेव्हनिंग स्कॉलरशिप आहे, त्याला दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते, जी परत येऊन आर्बिट्रेशन करायच्या तुमच्या बेताला उलट सोयीचीच आहे. जे. एन. टाटा एंडोमेंटची लोन स्कॉलरशिप १८९२ पासून चालू आहे, तीही बघा. आणि आर्बिट्रेशनच करायचं असेल तर अमेरिका सोडून बाकी ठिकाणं उघडून बघितलीत का? जिनिव्हाचा एमआयडीएस हा कोर्स, स्टॉकहोमचा कमर्शिअल आर्बिट्रेशनचा एलएलएम, लंडनमध्ये क्वीन मेरी, हे लोक त्याच एका विषयासाठी ओळखले जातात. शिवाय चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्सचे छोटे कोर्स प्रॅक्टिस न सोडता होतात. ते एक करून बघा, आवडलं तर पुढच्या वर्षीचा अर्ज तुम्ही जास्त स्पष्टपणे लिहाल.

प्रश्न: मॅडम, मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला शिकवायचं आहे, प्रोफेसर व्हायचंय, त्यामुळे इंग्लंडमधून एक वर्षाचा एलएलएम करून यायचा विचार आहे. नाही जमलं तर जजची परीक्षा देईन. बरोबर आहे का?

उत्तर: शिकवण्याची इच्छा आहे हे वाचून मनापासून आनंद झाला, चांगल्या शिक्षकांची फार गरज आहे. पण अर्ज भरायच्या आधी एक गोष्ट तपास. बार कौन्सिल ऑफ इंडियाने कायद्याच्या शिक्षणाचे जे २०२० चे नियम काढले त्यात परदेशातला एक वर्षाचा एलएलएम इथल्या एलएलएमच्या बरोबरीचा धरला जाणार नाही असं म्हटलंय, तो बरोबरीला आणायला वर्षभर शिकवण्याच्या अनुभवाची अट घातलीय, आणि हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं आहे. त्यामुळे ज्या दोन-तीन कॉलेजांत किंवा लॉ युनिव्हर्सिटीत तुला पुढे शिकवायला आवडेल त्यांच्या रजिस्ट्रारला आत्ताच लेखी विचार की अशी डिग्री तुमच्याकडे चालते का, आणि उत्तर लेखीच घे. तोंडी हो म्हणतात आणि मग स्क्रुटिनीत फाइल परत येते. असिस्टंट प्रोफेसरला एलएलएममध्ये ५५ टक्के आणि नेट किंवा पीएचडी लागतेच, त्यातून परदेशी डिग्रीने सुटका नाही. काही जण इथे एक एलएलएम करून मग बाहेर दुसरा करतात, वर्ष जास्त जातं पण पाय जमिनीवर राहतात. मला तुझ्यासाठी हाच रस्ता पटतो, आणि बाहेर जायचं तेव्हा डिसर्टेशन असलेला, संशोधनाकडे झुकलेला कोर्स निवड, कारण पुढे पीएचडीचा गाइड तेच वाचणार.

जजच्या परीक्षेबद्दल, २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनसाठी तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली. एलएलएमचं वर्ष म्हणजे प्रॅक्टिस नव्हे. त्यामुळे हे नाही तर ते, असं ते सोपं राहिलेलं नाही, दोन्ही रस्ते पहिल्या वर्षापासूनच वेगळे होतात.

प्रश्न: वय ३५, एका आयटी कंपनीत दहा वर्षं इन-हाउस लीगलमध्ये आहे, मुख्यतः कॉन्ट्रॅक्ट्स. नवऱ्याची बदली लंडनला होतेय. सगळे म्हणतात तिकडे एलएलएम केल्याशिवाय काम मिळणार नाही. खरंय का?

उत्तर: नाही. ताई, तुम्हाला एलएलएमची नाही, एसक्यूईची गरज आहे. इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर व्हायला २०२१ पासून ही परीक्षा आहे आणि तिला एलएलएम लागत नाही. पहिला टप्पा दोन पेपर, प्रत्येकी १८० ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, तो इथल्या सेंटरवरूनही देता येतो, म्हणजे सामान बांधायच्या आधीच एक टप्पा होऊ शकतो. दुसरा टप्पा प्रत्यक्ष कौशल्याचा, अशिलाची मुलाखत, ड्राफ्टिंग, युक्तिवाद वगैरे. दोन्हीची परीक्षा फी मिळून साधारण ५००० पाउंडांच्या आसपास जाते, अभ्यासाच्या कोर्सचा खर्च वेगळा, तरी एलएलएमपेक्षा पुष्कळ कमी.

शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. आधीच कुठल्या देशात वकील म्हणून क्वालिफाइड असाल तर तो लागत नाही. इथे तुमच्या सनदेचं काय झालंय ते बघा, कारण आपल्याकडे फुल-टाइम नोकरी धरली की सनद स्थगित ठेवावी लागते आणि बऱ्याच इन-हाउस मंडळींची ती वर्षानुवर्षं तशीच पडून असते. राज्याच्या बार कौन्सिलकडून तुमच्या स्थितीचं लेखी पत्र घ्या आणि ते धरून तिकडच्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीला विचारा. ते नाही जमलं तर तुमची कंपनीतली वर्षं अनुभवात धरता येतात का ते बघा, त्यावर इंग्लंडच्या सॉलिसिटरची सही लागते आणि त्याला तुमचं काम प्रत्यक्ष माहीत असावं लागतं. कंपनीच्या यूके टीममध्ये असा कोणी असेल तर राजीनामा द्यायच्या आधी बोला, नंतर लोक फोन उचलत नाहीत. नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून जात असाल तर तुम्हाला काम करायला परवानगी असते, त्यामुळे शिकून झाल्यावर राहायला मिळावं म्हणून विद्यार्थी व्हायचं कारणही तुम्हाला उरत नाही. ती सवलतही तशी कमीच होतेय, तिथला ग्रॅज्युएट रूट हा शिकून झाल्यावर राहायचा व्हिसा २०२७ च्या जानेवारीपासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा होणार आहे. तुमच्याकडे दहा वर्षांची कॉन्ट्रॅक्ट्स आहेत, ती सीव्हीवर सगळ्यात वर लिहा, प्रकारानुसार आणि रकमेनुसार.

प्रश्न: कॉलेज रँकिंग बघून निवडावं का? मला स्पेस लॉमध्ये, म्हणजे अंतराळाच्या कायद्यात, इंटरेस्ट आहे.

उत्तर: स्पेस लॉ असेल तर जनरल रँकिंग बाजूला ठेवा. कॅनडात मॅकगिलची एअर अँड स्पेस लॉची इन्स्टिट्यूट १९५१ पासून आहे, नेदरलँड्समध्ये लायडनचा ॲडव्हान्स्ड एलएलएम आहे, या दोन नावांना त्या क्षेत्रात जे वजन आहे ते वरच्या दहात असलेल्या सगळ्याच कॉलेजांना नसतं. कोर्सच्या पानावर शिक्षकांची नावं असतात, त्यांचे गेल्या चार-पाच वर्षांतले लेख काढून वाचा आणि तो माणूस पुढच्या वर्षी खरोखर शिकवणार आहे का, की रजेवर आहे, ते ईमेल करून विचारा. मग लिंक्डइनवर तोच कोर्स तीन वर्षांपूर्वी केलेली आपल्याकडची चार माणसं शोधा. नुकतं पास झालेल्यांना विचारू नका, ते अजून त्या आनंदात असतात. तीन वर्षं झालेल्याला विचारा, आज सकाळी ऑफिसला जाऊन तुम्ही कुठली फाइल उघडलीत, आणि ती फाइल एलएलएम नसतं तर तुमच्याकडे आली असती का?